मिलिंदकाकांची ‘सरकी’

“हा तोच होय ना बे, ‘मागची सीट’वाला?”

“तोच. डोकं फिरलं त्याचं. जिनिंगात माईक लावून बसते म्हणतात.”

चिखलीहून धाडला निघालेल्या जीपमध्ये शेवटच्या बाकावर दोन माणसं बोलत होती. आपण हळू बोलतो आहोत अशी त्यांची समजूत होती. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो माणूस पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून बसला होता. मी मधल्या बाकावर, आईजवळ. मी खिडकीबाहेर बघू लागले. कुणाबद्दल कुणी वाकडं बोललं की लाज मला वाटते.

मिलिंदकाकांनी मान वळवली. “लावत नाही भाऊ, चिकटवतो. पत्र्याले. माईक हवेत धरला तर बाहेरचा गोंगाट येते. चिकटवला तर पत्र्याच्या पोटातलं येते.”

दोघं ओशाळले. मग त्यातला जरा धीट होता तो म्हणाला, “मंग काय म्हणते पत्रा?”

“तुमच्यापेक्षा कमी बोलते.”

सगळी जीप हसली. तो माणूसही हसला आणि लगेच मोबाईल काढून म्हणाला, “दादा, एक फोटो होऊन जाऊ द्या.” काकांनी बोटांनी केस मागे सारले, धावत्या जीपमध्ये उलटं वळून फोटो दिला, आणि परत पुढे वळल्यावर ड्रायव्हरला म्हणाले, “तुह्या सायलेन्सरले भोक पडलं आहे.”

“हाव ना, दुरुस्त करायचं आहे.”

“संध्याकाळी मी तुह्याच गाडीनं वापस येतो. तोवर करू नको.”

आई माझ्याकडे बघून कपाळाला हात लावल्यासारखं करत होती. तिचं माहेर धाडचं, म्हणून आम्ही निघालो होतो. काका धाडच्या बाजाराला निघाले होते. बाजार उठताना पाल सोडतात, बांबू आपटतात, ताडपत्र्या झटकतात, त्याचे आवाज त्यांना हवे होते. भाजी घ्यायची नव्हती.

मिलिंद सुरडकर हे नाव सांगितलं तर पुष्कळांना कळणार नाही. ‘मागची सीट’ म्हटलं की कळतं. पुण्यात शिकताना हॉस्टेलवरच्या चार मुलांनी ‘ढेकूळ’ नावाचा रॉक बँड काढला, त्यातले गाणारे हे. एसटीच्या मागच्या सीटवर बसून गाव सोडणाऱ्या मुलाचं ते गाणं गणपतीत वाजलं, लग्नात वाजलं, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तर त्याशिवाय कार्यक्रम संपत नसे. आमच्या इंग्रजी शाळेतसुद्धा ते झालं होतं. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली त्यावर नाचल्या होत्या. मी पडदा ओढायला होते.

मग एक दिवस हे गाणं म्हणणारा माणूस आमच्या शेजारच्या बंद घराचं कुलूप उघडून राहायला आला. ते त्यांच्या आईवडिलांचं घर. आमची आणि त्यांची भिंत एकच. पहिल्या आठवड्यात आईला वाटलं की पलीकडे सुतार लावले आहेत. सुतार नव्हते. काका घरातली प्रत्येक वस्तू बोटाच्या पेराने वाजवून बघत होते.

ही त्यांची सवय गावाला माहीत झाली. दुकानाचं शटर दिसलं की त्यावर टकटक. पाण्याची टाकी, विजेचा खांब, कुणाच्या उभ्या ट्रॅक्टरचं मडगार्ड. लोहाराच्या दुकानापुढून ते सरळ पुढे गेले असं मी कधी पाहिलं नाही. एका जागी बसणं त्यांना जमत नसे. आमच्याकडे चहाला आले की अर्धा कप पिऊन उठत, पंख्याचं बटण बंद करत आणि म्हणत, “थांबा. आता ऐका.” ऐकायचं काय, तर आमचा फ्रीज. उन्हाळ्यात घाम पुसत आम्ही फ्रीज ऐकत बसायचो, आणि फ्रीजची मोटर बंद पडताना जो एक झटका बसतो तिथे काका समाधानाने मान हलवायचे. उरलेला चहा तसाच. एकदा आई म्हणाली, “मिलिंदभाऊ, त्या फ्रीजचा हप्ता आमी भरला, मजा तुमी घेऊन राह्यले.”

मी घरून काम करत असे. परदेशातल्या व्हिडिओंखाली इंग्रजी अक्षरं लिहायचं काम, बहिऱ्या माणसांसाठी. कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून मला ते आवडायचं. काकांनी एकदा माझ्या खांद्यावरून स्क्रीनवर डोकावून पाहिलं. एका ठिकाणी मी कंसात लिहिलं होतं: अस्पष्ट आवाज.

“हे काय लिहिलं?”

“आवाज आहे, पण कसला ते कळत नाही.”

“तुले कळत नाही तर तो अस्पष्ट काऊन? तू लिही, मले कळलं नाही.” मग हेडफोन माझ्याकडून घेऊन त्यांनी तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला आणि सांगितलं, “बाई उठताना खुर्ची ओढून राह्यली. फरशी आहे. लिही.”

तेव्हापासून ते मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणू लागले. “काय म्हणते कॉन्व्हेंट?” मी काही म्हणत नसे. हसत असे. त्यांना समोर कुणी गप्प बसलेलं चालायचं, त्यामुळे आमचं जमलं.

मोठ्याने बोलणं हे त्यांच्या घरचंच होतं. वडील जिनिंगमध्ये फिटर. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या त्या यंत्रांच्या शेजारी जन्म गेला आणि कान गेले. घरात वडिलांना ऐकू जावं म्हणून सगळेच ओरडून बोलत. मीठ कमी आहे हेही ओरडून. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे की सुरडकरांकडे भांडण पेटलं आहे. एकदोनदा शेजारी सोडवायलाही आले होते, असं आमच्या आजोबांच्या वेळचं सांगतात.

“पेपरवाले लिहायचे, याचा आवाज म्हणजे अस्सल रॉकचा,” काका एकदा म्हणाले. “कशाचा रॉक? बापाले हाका मारून मारून घसा तसा झाला.”

हे सांगताना ते हसले नाहीत. उठून आमच्या खिडकीचे गज वाजवू लागले.

तर त्यांचं जे ‘डोकं फिरलं’ होतं ते हे. कापसाच्या हंगामात ते गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये जाऊन बसत. रुपयाएवढी पितळी चकती, तिला वायर. ती चकती ते पत्र्याला, शाफ्टच्या लोखंडी चौकटीला, कधी पाण्याच्या पिंपाला चिकटपट्टीने लावत आणि कानाला हेडफोन लावून उकिडवे बसून राहत. कामगार त्यांच्यावरून पाटी नेत. केसांत, भुवयांत रुई. एकदा आईने डबा द्यायला मला पाठवलं, तर मला बघून त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानावर ठेवला. मला दात दुखल्यासारखं झालं. त्यांनी खुणेने विचारलं, कसं? मी अंगठा वर केला. त्या गोंगाटात तेवढंच शक्य होतं, आणि मला तेवढंच सोयीचंही होतं.

या सगळ्याची त्यांनी एक रेकॉर्ड केली. गाणं नाही, गिटार नाही, ताल नाही. पाऊण तासभर यंत्रं. नाव ठेवलं ‘सरकी’. मी नावाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, “रुई लोकाईनं नेली. गाठी बांधून देशभर गेली. मले काय राह्यलं मग?”

बाहेरच्या देशातली एक लहानशी कंपनी ती काढणार होती आणि तिला इंग्रजीत एक पान मजकूर हवा होता. ते काम माझ्याकडे आलं. त्यासाठी मला ‘सरकी’ पूर्ण ऐकावी लागली, एकदा नाही, पुष्कळदा. खरं सांगायचं तर ती ऐकताना मला सारखं उठावंसं वाटे. खोलीत येरझारा घालत मी ऐकलं. कुठेतरी मोटर घोगरी होते, कुठे पट्टा फाटक्या आवाजात फडफडतो, आणि हे कमी होतच नाही. अगदी शेवटी मात्र कुणीतरी स्विच पाडतो. पट्टा हळूहळू मंदावतो. यंत्र थांबतं. कबुतरांच्या पंखांचा आवाज येतो. आणि मग एक कामगार दुसऱ्याला हाक मारतो, बेंबीच्या देठापासून ओरडून, जणू यंत्र अजून चालूच आहे. दुसराही तसाच ओरडून उत्तर देतो. जेवायला चल म्हणतो आहे, एवढंच. तिथे रेकॉर्ड संपते.

“हे शेवटचं आहे ना,” काका म्हणाले, “याच्यासाठी आधीचं सगळं आहे. आधीचं सोसल्याबिगर हे ऐकू येत नाही. तुले कसं वाटलं?”

“डिफरंट आहे,” मी म्हणाले.

“डिफरंट म्हणजे नाही आवडलं.”

“तसं नाही.”

“मग कसं?”

मी म्हणाले, “पान उद्या देते.”

रेकॉर्ड इंटरनेटवर आली आणि गदारोळ झाला. पुण्यातल्या काही तरुण मुलांनी ती एका खोलीत एकत्र बसून ऐकली आणि डोक्यावर घेतली. एका लिहिणाऱ्याने ‘धाडस’ हा शब्द इतक्या वेळा वापरला की काका म्हणाले, हा कधी जिनिंगात गेला नसन. बाकी सगळीकडून शिव्या. ‘माझा स्पीकर फाटला असं समजून मी नवा आणला.’ ‘दादा, बरे आहात ना?’ ‘ढेकूळचा धोंडा झाला.’ ते हे सगळं आमच्या ओट्यावर येरझारा घालत मोठ्याने वाचून दाखवत आणि चांगल्या शिवीला दाद देत. पण बँडमधल्या जुन्या मित्राचा फोन आला तेव्हा ते एका जागी उभे राहिले. मी आतून ऐकत होते. पलीकडचं ऐकू येत नव्हतं. काका एवढंच म्हणाले, “नाही रे, लोकांना चिडवत नाही मी. लोकांना कशाला चिडवू?” मित्राशी बोलताना ते पुण्याचं मराठी बोलत. फोन ठेवल्यावर त्यांनी काहीच वाजवलं नाही.

त्याच सुमारास ठेंग सर त्यांच्याकडे आले. ठेंग सर म्हणजे आमच्या गावातल्या वाचनालयाचे अध्यक्ष, काकांचे शाळेतले मराठीचे मास्तर. गावाने भूमिपुत्राचा सत्कार करायचं ठरवलं होतं. काका आधी नाही म्हणाले. मग एका अटीवर कबूल झाले.

“सर, ‘सरकी’ पूर्ण वाजवायची. मोठ्यानं. मधात कोणी बंद नाही करायची.”

“अरे, तुह्यासाठीच कार्यक्रम आहे बाबा,” सर म्हणाले. “काय वाजवायचं ते वाजव.”

सरांनी ती ऐकली नव्हती. नवीन गाणी असतील असं ते धरून चालले. मला ते कळलं होतं. मी काही बोलले नाही. ते दोघं इतके खूश होते.

त्या आठवड्यात काकांचा पाय जमिनीला लागला नाही. “चिखलीत घरटी एक माणूस जिनिंगात राबला असन,” ते म्हणत. “पुण्याच्या पोट्ट्याईले काय कळते? ते यंत्राची तारीफ करतात. इथल्या माणसाले शेवटची हाक आली की कळन. एकाले जरी कळलं ना, कॉन्व्हेंट, एकाले.” ते गावात ज्याला त्याला सांगत सुटले की रविवारी या, शेवटपर्यंत बसा. लोक म्हणत, येतो ना दादा, ‘मागची सीट’ ऐकून किती दिवस झाले.

कार्यक्रम मंगल कार्यालयात होता, दुपारचा. पलीकडे जेवणाची तयारी चालली होती, फोडणीचा वास येत होता. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. साउंड सलीमभाईंचं. आमच्या भागात लग्न असो, उरूस असो, गणपती असो, सलीमभाईंचं साउंड लावलं म्हणजे यजमान निश्चिंत. पांढराशुभ्र शर्ट घालून ते मिक्सरमागे बसत आणि त्यांच्या स्पीकरमधून कधी खरखर आली असं कुणाला आठवत नव्हतं. त्यांची इज्जत त्यावर होती.

शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. ठेंग सर म्हणाले, “आता आपल्या मिलिंदचं नवं संगीत.” टाळ्या. काका खुर्चीच्या अगदी टोकाला बसले होते. ‘सरकी’ सुरू झाली.

पहिला घोगरा आवाज आला आणि सलीमभाई उठलेच. त्यांनी एक बटण खाली केलं, दुसरं वर केलं. स्पीकरच्या मागे गेले. वायर काढली, फुंकली, लावली. आवाज तसाच. सभागृहातून कुणीतरी म्हणालं, “सलीमभाई, अर्थिंग पाहा!” दुसरा म्हणाला, “अर्थिंगच गेली. त्या दिवशी आमच्या इकडं असंच झालं होतं.”

आमच्या गावात पाहुण्याची चूक कुणी काढत नाही. शाल पांघरलेला माणूस समोर बसला आहे, त्याचं संगीत असं असेल हे कुणाच्या मनातही येऊ शकत नव्हतं. जे बिघडलं असेल ते आपलं, हीच सगळ्यांची खात्री. त्यामुळे सगळं गाव दुरुस्तीला लागलं. दोघं स्वयंपाकाकडे धावले आणि पाण्याची बादली घेऊन बाहेर अर्थिंगच्या खड्ड्यात ओतून आले. “मीठ टाका त्यात, मीठ!” असं कुणी ओरडलं, तर आचाऱ्याने मिठाची पुडी दिली. खिडकीतून एकजण विचारत होता, “कमी झालं काय?” आणि आतून पाचपन्नास माणसं एकदम, “नाही! अजून एक बादली!”

सुरुवातीला काका हसत होते. मग उभे राहिले. “अरे बरोबर आहे ते! चालू द्या!” पण सलीमभाईंनी दोष शोधायला सगळे माईक बंद केले होते आणि वर जिनिंग गर्जत होतं. आयुष्यभर ओरडत आलेल्या माणसाचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला नाही. ठेंग सरांना मात्र त्यांचं तोंड हलताना दिसलं. सर उठले, त्यांच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि कानाशी वाकून म्हणाले, ते मला पहिल्या रांगेतून ओठांवरून कळलं, “बस, बस. तुही काही चूक नाही.”

काका बसले.

तेव्हा सलीमभाईंनी रेकॉर्डची वायरच उपटली.

एकदम शांत झालं. मग टाळ्या. मनापासून, सुटका झाल्यासारख्या. ठेंग सरांनी तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी व्यक्त केली, माईकशिवायच. सलीमभाई स्टेजसमोर आले. पांढऱ्या शर्टाला धूळ, हातात ती वायर. त्यांनी दोन्ही कान धरले. “माफ करना सर. इतकी वर्षं झाली, अशी बेइज्जती कधी झाली नव्हती. सगळं चेक करून आणलं होतं.”

“सलीमभाई, तुमची चूक नाही,” काका म्हणाले.

“तुम्ही मोठे आहे म्हणून म्हणता सर.”

“खरंच नाही.”

“तुमचा मोठेपणा आहे.”

सलीमभाईंचे डोळे भरले होते. काका त्यांच्याकडे बघत राहिले. दुसरं वाक्य त्यांच्या ओठावर आलं होतं, मला दिसलं. ते बोलले असते तर सगळ्या गावासमोर एवढंच उरलं असतं की बिघाड सलीमभाईंचा नव्हे, त्यांचा आहे. तेवढ्यात मागून सुरू झालं, “मागची सीट! मागची सीट!” पोरं बाकांवर ताल धरू लागली. बायकांतूनही हसत हसत टाळ्या पडू लागल्या. कुठूनतरी एक गिटार हातोहात पुढे आलं.

मी पुढे शिकायला बाहेर पडले आणि काकाही ते घर पुन्हा बंद करून गेले. आता ते कुठल्या तरी डोंगराळ गावात आहेत, एवढं मोबाईलवरच्या फोटोंतून कळतं. पण त्यांची आठवण आली की मला ते त्या क्षणातलेच दिसतात. शाल एका खांद्यावरून घसरलेली, कपाळावर कुंकवाचा टिळा. कुणाकडेही न बघता ते गिटार मांडीवर घेत होते. वर बघत नव्हते. एक तार छेडली, उतरली होती, खुंटी पिळून ती वर आणू लागले. आज्ञाधारक मुलासारखे. ठेंग सर प्रसन्न होऊन मान डोलावत होते. सलीमभाई मिक्सरमागे जाऊन गाण्यासाठी माईक तपासत होते, “हॅलो, हॅलो,” आणि माईक या वेळी अगदी स्वच्छ बोलत होता.

त्या क्षणी मी उठले. “कुठी चालली?” आई म्हणाली. “बस ना.” मी पुरुषांच्या बाजूने गेले, कारण मिक्सर तिकडे होता. पोरं गप्प होत गेली; मुलगी अशी मधून चालली की होतात. सलीमभाईंना वाटलं मला पाणी हवं आहे. मला त्यांच्याशी हळूच बोलायचं होतं. त्यांच्या हातातला माईक चालू आहे हे पहिला शब्द सगळ्या सभागृहातून परत ऐकू आला तेव्हा कळलं, आणि तोवर थांबायला उशीर झाला होता.

“सलीमभाई, तुमचं साउंड चांगलं आहे. काहीच बिघडलेलं नाही. ती रेकॉर्डच तशी आहे, त्यांनी मुद्दाम तशी केली आहे. मलापण ती ऐकवत नाही. पण ती अजून संपलेली नाही. वायर लावा.”